काकांचा पहिला दिवस

राज्याची वाटणी चालू होती, त्या वर्षी दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधत मी बरकतपुऱ्यात दोनदा गेलो आणि दारातूनच परतलो. तिसऱ्या संध्याकाळी बैठकीतले एक वयस्क गृहस्थ दारात उभे होते. "या हो, चाय घ्या. बोलायची जबरदस्ती नाही," म्हणाले. तिथं कुणी कुणाचं नाव विचारत नसे. मी त्यांना काका म्हणू लागलो. सरकारी कचेरीत ते दोन राज्यांच्या फायली वेगळ्या करत. त्यांचं बोलणं इतकं संथ, की ऐकता ऐकता खिडकीतला पिवळा उजेड, काचीगुडा स्टेशनातल्या गाडीची शिटी, सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटे. अकरा वर्षं ते प्यायले नव्हते. बैठकीत प्रत्येक जण न प्यायलेले दिवस मोजी; एकदा प्यायलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्याच भरवशावर मी दिवस काढत होतो.

एका रविवारी ते उशिरा आले आणि उभ्यानंच, त्याच संथ आवाजात म्हणाले, "काल प्यायलो. आज माझा पहिला दिवस."

मला आधी राग आला, मग भीती वाटली. तरी ते खाली बसताच उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं, काका?" मी हळूच विचारलं.

"हौ, कुणालाच नसतं कळलं," ते म्हणाले, "पण मग उद्या दुसरा दिवस कसा उजाडला असता?"