सोनूबाईनं वर केलेला हात

वाटूरजवळच्या आमच्या गावात सत्त्याण्णव साली सरपंचपद राखीव झालं आणि बौद्धवाड्यातल्या केशरबाई सरपंच झाल्या. गावाला वाटलं, कापूस वेचणारी बाई, सांगू तिथं सही करील. पण त्यांनी ठराव मांडला, नळाची लाइन आधी बौद्धवाड्यात. तोवर तिथल्या बाया गावच्या विहिरीपाशी, कुणी वरून पाणी ओतील म्हणून घागरी घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या.

माजी सरपंच रामरावांनी अविश्वास ठराव आणला. सातातले पाच सदस्य त्यांचेच, पण ठरावाला तीन चतुर्थांश, म्हणजे सहा मतं लागत. सहावं मत हवं होतं ते सोनूबाईचं. ती केशरबाईंची चुलत जाऊ. त्यांनीच तिला निवडणुकीत उभं केलं होतं. "सोनू कुठं जाती?" म्हणत केशरबाई निर्धास्त होत्या.

तहसीलदारांसमोर सोनूबाईनं खाली बघतच हात वर केला.

त्याच दिवशी ती केशरबाईंच्या दारात आली. "बाई, माझं आइकून तरी घ्या."

"तू मला मेलीस," म्हणून त्यांनी दार लावलं.

मग वस्तीनंही तिच्या घराशी बोलणं टाकलं. भीमजयंतीच्या जेवणालाही तिला कुणी हाक मारली नाही. केशरबाईंनी शब्द टाकला असता तर वस्तीनं ऐकलं असतं. त्या गप्प राहिल्या. सोनूबाई आणि तिचा नवरा तातेराव ऊसतोडीला गेले ते परतलेच नाहीत.

दोन वर्षांनी नव्या सरपंचाच्या काळात नळ आला. त्यानंतर एकदा वाटूर फाट्यावर तातेराव एकटाच भेटला. सोनूबाई काविळीनं गेली होती.

"वैनी, आम्ही रामरावच्या शेतातल्या आखाड्यावर, त्यांच्याच खोलीत ऱ्हात होतो. ते म्हणले, हात वर न्हाई झाला तर आजच सामान उचला. आमची बेबीनंदा बाळंतपणाला आल्ती, वली बाळंतीण. कुठं नेली असती तिला?"

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगायलाच आल्ती ती तुमच्याकडं."

केशरबाई म्हणाल्या, "घरी चला. जेवून जावा."

"आता न्हाई, वैनी."

घनसावंगीची जीप भरत आली होती. तातेराव मागं लटकून गेला. केशरबाई फाट्यावरच बसून राहिल्या. रामरावांशी त्या पुढंही भांडल्या, ग्रामसभेत, सगळ्यांदेखत. सोनूबाईचं नाव मात्र कुणी काढलं की त्या उठून आत जात.