आक्कांच्या दोन वाट्या

आक्का गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. माझी थोरली नणंद, ह्यांची सख्खी बहीण, वय चौऱ्याहत्तर. मला यादी केल्याशिवाय काही सुचत नाही, त्यामुळे त्या दिवसांतही मी वहीत लिहीतच होते... कोण आलं, कुणी जेवण आणलं, कुणाचे डबे परत करायचे. त्याच पानाच्या कडेला मी एक वाक्य लिहिलं आणि जो कुणी ते म्हणेल त्याच्यासाठी एक रेघ ओढत गेले. वाक्य होतं, "वय झालं होतं की." तीन दिवसांत एकवीस रेघा झाल्या. बाविसाव्या वेळी मलकापूरहून आलेले एक पाहुणे तेच म्हणाले, तेव्हा चहाचा कप त्यांच्या हातात देत मी म्हटलं, "वयानं नाही गेल्या. हृदयाची झडप आकसली होती. वयानं कुणी जात नसतं." ते बिचारे चहाकडं बघत बसले. आमचे हे माझ्याकडं बघत राहिले. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. आक्कांच्या समोर कुणी हे वाक्य उच्चारलं असतं, तर त्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता. मला हे खात्रीनं माहीत आहे, कारण एकदा ते मी उच्चारलं होतं... त्यांच्या मांजराबद्दल.

कुरुंदवाडजवळच्या एका गावात आक्कांनी एकतीस वर्षं दूध संस्थेत दूध तपासलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सकाळ-संध्याकाळ गावातल्या सगळ्या किटल्या त्यांच्या नजरेखालून जायच्या, आणि गाव त्यांना टरकून असायचं. हे नेहमी सांगतात, एकदा आक्कांनी कुणाच्या तरी किटलीत काचेची नळी बुडवली आणि भर रांगेत म्हणाल्या, "भीमा, ह्यात पाणी हाय. आणि ते पन हापशाचं हाय." भीमानं तिथल्या तिथं कबूल केलं. हापशाचं त्यांनी कसं ओळखलं ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पुराच्या वर्षी त्यांच्या घरात छातीएवढं पाणी आलं. नावेतून उतरल्या तेव्हा त्यांच्या काखेत एक पिशवी होती, तिच्यात लुगड्यात गुंडाळलेली ती काचेची नळी आणि मिलिलीटरच्या खुणा असलेलं दुधाचं मापटं. दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेली बांबूची पाटी, तिच्यात मांजर. मी विचारलं, "आक्का, तुमचे कपडे?" म्हणाल्या, "कापडं काय, मिळत्यात." तेव्हापासून त्या आमच्याकडं कोल्हापुरात कळंब्याच्या घरी राहिल्या. मांजराचा रंग जिऱ्यासारखा, म्हणून तिचं नाव जिरी.

जिरी तेरा वर्षांची असताना, एका मार्चमध्ये, पाणी प्यायला लागली. लागली म्हणजे अशी की वाटी दिवसातून दोनदा रिकामी व्हायची, वर ती बाथरूमच्या बादलीवर ओणवी होऊन प्यायची, तुळशीखालच्या ताटलीतलं प्यायची, ओली फरशीसुद्धा चाटायची. खायची भरपूर, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता. आणि सोफ्याच्या मागं ओलं होऊ लागलं, जे मला अजिबात खपण्यासारखं नव्हतं. मी तिला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "तेरा वर्षांची मांजर म्हणजे आजीबाई. उन्हाळा आहे, वय झालंय, पिणारच." माझं समाधान झालं. घरी येऊन मी तेच वाक्य आक्कांना सांगितलं आणि यादीतली ती ओळ खोडली.

आक्का गवारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वय हे कारन न्हाय, सुनंदा. वय हा आकडा हाय. म्हस म्हातारी हाय म्हणून फॅट कमी लागली, असं कोन म्हणालं तर मी काय ते ऐकून लिवत हुतो व्हय? तपासत हुतो."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. मी व्यवहारी बाई आहे. सोफा वाचवायचा तर पाणी कमी करायचं, इतकं सरळ गणित मी मांडलं. फ्रिजवर माझी आठवड्याची यादी चिकटवलेली असते. तिच्यात दुसऱ्या ओळीवर मी लिहिलं, 'जिरी : संध्याकाळी सहानंतर वाटी उचलणे.' सहाव्या ओळीवर होतं, 'मागची पायरी : मुंग्या, खडू मारणे.' दोन्ही कामं मी रोज न चुकता केली. आठ दिवस.

नवव्या दिवशी आक्कांना वाटीची जागा रिकामी दिसली. "वाटी कुनी उचलली?" म्हटलं, मी. पाणी कमी प्यायली की सोफ्यामागं जाणार नाही. त्या माझ्याकडं अशा बघत राहिल्या, जणू मीच हापशाचं पाणी घातलं होतं. "तुला तहान लागली तर तुझा तांब्या उचलून ठीवू? ती पिती म्हणून जात न्हाय ग. तिला जातंय, म्हणून पिती. का जातंय ते बघायला पायजे का वाटी लपवायला पायजे?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तपासणी सुरू केली. सारख्या मापाच्या दोन स्टीलच्या वाट्या मागच्या पायरीजवळ ठेवल्या, दोन्हींत मापट्यानं मोजून पाणी, आणि एका वाटीवर भाजी झाकायची जाळी. मी विचारलं, ही जाळीखालची कुणासाठी? "कुनासाठी न्हाय. ऊन बी पानी पितंय. ते जिरीच्या नावावर टाकायचं न्हाय." संध्याकाळी जाळीखालची वाटी जेवढी उतरेल, तेवढं जिरीच्या वाटीतून वजा. पहिल्या दिवसाचा आकडा अगदीच साधा निघाला. मी जरा खुशीनंच म्हटलं, बघा, काही नाही. आक्का म्हणाल्या, "ढवळल्याबिगार नमुना घेतलास तर साय वरच राहती. अजून कुठनं पिती ते शोध." शोधलं. बादली झाकली, तुळशीची ताटली उचलली, तरी काहीतरी राहत होतं. शेवटी जिरी कूलरच्या टाकीला जीभ लावून बसलेली सापडली. तीही बंद केल्यावर आकडा आला चारशे दहा मिलिलीटर. साडेतीन किलोच्या मांजराचा, एका दिवसाचा.

ह्यांचं काम शिरोलीला फौंड्रीत. संध्याकाळी घरी आले की पायरीवरचा हा थाट बघून म्हणायचे, "आक्का, मांजराची दूध संस्था काढलीस काय?"

"व्हय. चेअरमन तू. काम न्हाय, नुसती खुर्ची हाय."

वही मी लिहीत होते. तारीख, वेळ, पाणी, खाणं, वजन... पाच दिवस. पाचव्या दिवशी मी चहा करत असताना आक्का चष्मा लावून फ्रिजसमोर उभ्या राहिल्या आणि माझी यादी वाचायला लागल्या. "मुंग्या कुठं आल्यात?" म्हटलं, मागच्या पायरीवर, नळाजवळ. रोज येतात. काय सांडतंय तेच कळत नाही, खडू मारला की जातात. आक्का मागं गेल्या, पायरीवर उकिडव्या बसल्या, बराच वेळ. मग मला हाक मारली. पायरीच्या कोपऱ्यात एक ओला डाग वाळत होता, आणि त्याच्या कडेकडेनं मुंग्यांची काळी रांग. "हितं जिरी बसती," त्या म्हणाल्या. "लघवीला मुंग्या कवा लागत्यात, सुनंदा?"

माझ्या आईला वीस वर्षं मधुमेह होता. मला हे सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "साखर असली की."

"मग? यादी तूच लिवलीस. वाचली मातर न्हाईस."

आयुष्यात मला पुष्कळ जण पुष्कळ बोलले, पण इतकं खरं कुणी बोललं नाही. कारण चार ओळींच्या अंतरावर लिहिलेलं होतं, आणि मी रोज सकाळी ते खडूनं पुसून टाकत होते.

मग दुसरा दवाखाना शोधला. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आमची वही पहिल्या पानापासून वाचली, जाळीची वाटी कशाला हे विचारलं, आणि उत्तर ऐकून आक्कांकडं नीट वळून बसली. मूत्रपिंडाची तपासणी केली, ती ठीक निघाली. रक्तातली साखर भरमसाट. पण ती म्हणाली, "इथं आणल्यावर मांजर घाबरतं आणि साखर तशीही चढते. एवढ्यावर मी ठरवणार नाही. घरी, शांत असताना घेतलेली लघवी आणाल का?" बाहेर पडताना आक्का खूश होत्या. "ही दुसरा नमुना मागती. ही बाई खरी." जिरीच्या लघवीच्या ट्रेमध्ये मातीऐवजी स्वच्छ धुतलेली बारीक खडी टाकून त्यांनी नमुना मिळवला, बाटलीवर वेळ लिहिली. त्यातही साखर होतीच. मधुमेह.

डॉक्टरनं खाणं विचारलं, तेव्हा आक्का पहिल्यांदा अडखळल्या. रोज सकाळी जिरीला म्हशीचं दूध आणि त्यात चुरलेली बिस्किटं त्या स्वतःच्या हातानं द्यायच्या, गेली तेरा वर्षं. "माझ्याच हातनं झालं व्हय?" डॉक्टर म्हणाली, एका कुठल्या गोष्टीनं झालं असं सांगता येत नाही, पण आता ते बंद. आक्कांनी मान हलवली. ज्या बाईचं सगळं आयुष्य दुधात गेलं, तिनं त्या दिवसापासून जिरीला दुधाचा थेंब दिला नाही. आणि इन्शुलिन दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, खाल्ल्यावर द्यायचं, हे ऐकल्यावर म्हणाल्या, "म्हंजे धारंच्या येळा." सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसहा. सुई आक्का द्यायच्या. मी फक्त जिरीला धरायचे, आणि तेही तोंड फिरवून.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी आक्कांनी ह्यांना मोठ्यानं हाक मारली. "दादू, हिकडं ये. वाटीत पानी उरलंय बघ." आम्ही तिघं पायरीवर उभं राहून अर्ध्या वाटीभर उरलेल्या पाण्याकडं बघत होतो... मुंग्याही नव्हत्या.

गेल्या दिवाळीनंतर आक्कांना जिना चढताना दम लागायला लागला. त्यांना आधी ज्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही तेच वाक्य म्हटलं, वय झालंय. आक्का खुर्चीतनं उठल्या, "कारन सापडलं की सांगा," म्हणाल्या आणि बाहेर आल्या. दुसरीकडं झडप सापडली. शस्त्रक्रियेत काय होऊ शकतं, नाही केली तर काय होईल, सगळं त्यांनी विचारून घेतलं, मला वहीत लिहायला लावलं, आणि नको म्हणाल्या. मी रिक्षात रडायला लागले तर मलाच रागावल्या. "कारन कळलं म्हंजे बरं हुतंयच असं न्हाय. पर कळाय पायजे. न कळता जायाचं म्हंजे काय... तपासल्याबिगार दूध वतून दिल्यागत."

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं; संध्याकाळी मी उशाशी होते, हे पायाशी. आक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "सा वाजलं न्हवं? मग तू हितं काय करतीस?" मी म्हटलं, एक दिवस जिरीची सुई चुकली तर काही होत नाही. "कुनी सांगितलं तुला?" म्हणाल्या. "जा. आधी खाऊ घाल, मग सुई." मी गेले. जिरीनं खाल्लं. धरायला कुणी नव्हतं, तोंड फिरवायलाही जागा नव्हती. मी चिमटीत कातडी धरली आणि सुई दिली. वहीत 'सा. ६.३०' लिहीत होते तेव्हा ह्यांचा फोन आला. मांजरापायी शेवटच्या क्षणी नणंदेजवळ नव्हते, असं पुढं दोघीतिघी माझ्या पाठीमागं म्हणाल्या. म्हणू देत. जिथं असायला हवं होतं तिथंच मी होते. मला तिथं आक्कांनी पाठवलं होतं.

आता लोक विचारतात, पंधरा वर्षांच्या मांजराला रोज दोन सुया कशाला? आक्काही नाहीत आता. मी घड्याळाकडं बघते. साडेसहा वाजत आलेले असतात. डॉक्टर म्हणते की साखर ताब्यात आहे, रोज पाणी मोजायची गरज नाही. मी मोजते. दोन वाट्या, त्याच मापट्यानं, त्याच पायरीजवळ. काल जिरी एकशे सत्तर मिलिलीटर प्यायली. जाळीखालच्या वाटीला कुणी तोंड लावलं नव्हतं, तरी ती वीस मिलिलीटरनं उतरली होती. तेही लिहिलं, वेगळ्या रकान्यात.