बिनतोफेचा रणगाडा

लग्न ठरलं तेव्हा मुलगा फौजेत रणगाड्यावर आहे, एवढंच कानावर आलं होतं. तेवढ्यावर मी विठ्ठलवाडीच्या आमच्या अख्ख्या चाळीत सांगून टाकलं, की आमचे हे तोफ डागतात. आवाज किती होतो तेसुद्धा सांगितलं. लग्नानंतर ह्यांनी फोटो दाखवला, तर रणगाड्याला तोफच नाही! पाठीवर लोखंडी पुलाची घडी. कालवा आडवा आला की ती उलगडायची, बाकीचे रणगाडे पलीकडे गेले की पुन्हा पाठीवर घ्यायची.

"म्हणजे तुम्ही लढत नाही?" असं विचारून मी तो फोटो ट्रंकेत तळाशी घातला. एवढी अक्कल होती मला.

निवृत्तीनंतर कोपरच्या घरात हे जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचे छोटे रणगाडे जुळवू लागले. सुरुंग उकरणारे, चिखलात रुतलेल्याला ओढून काढणारे. स्वतःचा पूलवाला मात्र सगळ्यांत शेवटी ठेवला. तो करायला घेतला आणि कंपवाताचं निदान झालं.

वर्षभरात चाकं बसली, पट्टे चढले. राहिली पुलाचे दोन भाग जोडणारी खीळ, तांदळाच्या कणीएवढी. "एकदा उलगडलेला बघायचाय," हे म्हणायचे. गोळी घेतली की हात थोडा वेळ शांत राहतो. परवा सकाळी तेवढ्या वेळात खीळ तीनदा पडली. चौथ्यांदा ह्यांनी चिमटा माझ्यापुढे सरकवला. एरवी मला धूळसुद्धा पुसू देत नाहीत.

"अहो, मला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही."

"चाचपून बसव. हळू."

मी हळूच दाबली. कट्ट. खिळीचे दोन तुकडे.

ह्यांनी चिमटा उचलून डबीत ठेवून दिला. ओरडले असते तर मला भांडता तरी आलं असतं. शेवटी मी पुलाचे दोन्ही भाग टोकाला टोक लावून लोणच्याची बरणी आणि मिठाचा डबा यांच्यामध्ये हातांनीच धरले. हे टेबलावर हनुवटी टेकून बघू लागले.

"डावीकडून जरा वर घे."

घेतलं.

"हं. अस्सा."

माझे खांदे भरून आले. आत कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या.

"अहो, झालं का बघून? सोडू?"

"थांब गं. अजून पलीकडे जातायत."

मी धरून बसले.