बाळंतिणीच्या खोलीची घंटा

१२ डिसेंबर २००३, शुक्रवार. शाळेला निघण्यापूर्वी मी कोळसे फोडत होते. मुलगी पहिल्या बाळंतपणाला जव्हारला आली होती, आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी हवीच, असा आमच्या घरचा नियम. दारंखिडक्या लावायच्या, निखाऱ्यांवर ओवा-शेपा टाकायचा, वारं लागू द्यायचं नाही.

मला ती शेगडी नकोच होती. बंद खोलीत कोळशाचा वायू साचतो. त्याला ना वास, ना रंग. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने यासाठीच एक यंत्र आणून दिलं होतं. त्याचा एक भाग खोलीत बसवायचा, तो वायू ओळखतो. दुसरा वायर ओढून लांब ठेवायचा. वायू वाढला की तिथे घंटा वाजते आणि जागं असलेलं कोणीतरी धावून येतं. दिवसभर मी जामसरच्या शाळेत शिकवायला, नवरा कचेरीत. म्हणून घंटा लावली भिंतीपलीकडे, मोठ्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात. न्हाणं, शेक सगळं त्याच बघत. ठरलं होतं ते साधं होतं: शेगडी त्यांच्या मनासारखी, पण खिडकी वीतभर उघडी आणि घंटा चालू.

पहिले दोन दिवस घंटा वाजली.

"कोकलतंय मेलं सारखं," जाऊबाई म्हणाल्या. "शेक द्यायचा की तुझ्या यंत्राची परवानगी काढायची?"

"वाजली की खिडकी पूर्ण उघडायची. एवढंच."

"उघडते हो, बाईंचा हुकूम!"

त्यानंतर रोज जीपमधून उतरले की मी आधी त्यांच्या दारात.

"वाजली का?"

"नाही. तीही दमली तुझ्यासारखी."

मी हसायचे. शाळेत सांगायचे, जाऊ मिळावी तर अशी.

त्या शुक्रवारीही त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. विचारलं, तर "नाही गं" म्हणाल्या. मी खोलीचं दार ढकललं. खिडकी लावून फटीत गोधडी कोंबलेली. मुलीला हाका मारल्या, ती नुसती कण्हली. कुशीतलं बाळ हलवलं तर रडेना. त्याला उचलून मी अंगणात पळाले. शेजारपाजारचे धावले, त्यांनी मुलीला बाजेसकट बाहेर काढलं. मोकळ्या हवेत बाळ आधी खोकलं, मग रडलं. मुलीला उलट्या सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. जीव वाचले.

कपडे न्यायला घरी आले, तेव्हा जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले. वायर तुटली नव्हती. घंटेपासून सोडवून, नीट गुंडाळून खिळ्याला टांगली होती.

"कधी काढलीत?"

"तिसऱ्या दिवशी. बघायला आलेल्या बायका हसत होत्या. माझी पाच बाळंतपणं अशीच झाली. कोण मेलं?"

"मग रोज मला 'वाजली नाही' का सांगत होतात?"

"त्यात खोटं काय? वाजली नाहीच की."

मी कपडे उचलले. दवाखान्यात आले. मुलगी शुद्धीवर होती. वायर काढलेली होती, एवढंच मी तिला सांगितलं. तिने मान वळवली.

"मला माहीत होतं, आई."

"आणि मला बोलली नाहीस?"

"मोठीआई म्हणाली, कशाला सांगायचं, शाळेत तिचं लक्ष लागणार नाही. आणि तिने पाच काढली आहेत. तू पुस्तकातलं सांगतेस."

जाऊबाईंचं मी समजू शकत होते. त्यांना माझं यंत्र कधीच पटलं नव्हतं. पण मी रोज विचारत होते आणि घरातल्या दोघी मिळून मला गप्प बसवत होत्या, तेही माझ्याच काळजीचं नाव पुढे करून. या मुलीला मी वाढवलं होतं. बाळाच्या जिवापेक्षा तिला मोठीआईचा शब्द मोठा वाटला.

शनिवारी सकाळची शाळा होती. मी रजा कळवली. शेगडी उचलून जाऊबाईंच्या दारात ठेवली. मग हातोडी घेतली आणि बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीची दोन्ही दारं बिजागरीपासून काढली.

"वारं लागेल पोरीला," जाऊबाई अंगणातून म्हणाल्या.

"लागू दे," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी जाड रजई काढायला आत गेले.