तांब्याचं विरजण

दगडातून जिवाणू तांबं काढतात हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, माझ्या मायनं सांगितलं.

अकोल्याच्या एमआयडीसीत एक छोटा प्रकल्प आला होता. पूर्वेकडच्या खाणीतून दगडाचा चुरा ट्रकनं यायचा. त्यात तांबं इतकं कमी, की भट्टी पेटवणं परवडत नाही. मग चुऱ्याचा ढीग रचायचा आणि त्यावर जळजळीत आंबट पाणी सोडत राहायचं. त्या पाण्यात लोखंड आणि गंधक खाऊन जगणारे जिवाणू असतात. ते खातात तसा दगड सुटतो, तांबं पाण्यात उतरतं आणि खालून निळंहिरवं पाणी गळू लागतं. साहेब लोक त्या चुऱ्याला 'हलका माल' म्हणायचे. आमचं घर छप्पनपासून बौद्ध. 'हलका' हा शब्द कुणी कशालाही लावला तरी माझी मान वर होते. माय म्हणाली, "दगडालेच म्हनते ना? म्हनू दे."

तिला ते काम हवं होतं. आधी ती अकोटच्या एका जिनिंगात होती. तिथं रुईचा भुगा हवेत तरंगतो, नाकात जातो, छातीत बसतो. संध्याकाळी घरी आली की ती उंबऱ्यावर बसून आधी नुसता श्वास घ्यायची, मग चप्पल काढायची. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, आता कापसात पाऊल टाकू नका. प्रकल्पावर आंबट वास होता, डोळे चुरचुरायचे, पण हवेत भुगा नव्हता. हे काम टिकलं तर मायची छाती टिकणार होती. आमच्या घरात त्या प्रकल्पाचा अर्थ एवढाच होता.

तिचं काम टाक्यांवर. ढिगावर सोडायचे जिवाणू आधी त्या टाक्यांमध्ये वाढवायचे. 'जंतू' म्हटलं तर बाया टाकीजवळ फिरकणार नाहीत, म्हणून साहेबानं शिकवताना सोपं केलं. "हे विरजण आहे असं समजा. तयार टाकीतलं थोडं पाणी नव्या टाकीत घालायचं, की तीही लागते. उबेत ठेवायचं. थंडी लागू द्यायची नाही."

मायच्या जोडीला एक मुसलमान बाई होती, सगळे तिला भाभी म्हणायचे. ती म्हणाली, "पन साहेब, हे दही खानार कोन? तुमी का आमी?" सगळ्या हसल्या. साहेबही हसला.

शिकवणं संपलं. खरंच तेवढ्यावर संपलं. टाकीच्या तळाशी हवेची नळी होती, ब्लोअर चालू असला की बुडबुडे येत राहायचे. ती हवा कशासाठी, हे एकाही बाईला कुणी सांगितलं नाही. मी दोघींना पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली आहे, कारण नंतर मी जे पत्रक लिहिलं, त्यातलं सगळं त्या एका गोष्टीवर उभं होतं.

नवी टाकी आधी फिकट हिरवी दिसायची. जिवाणू वाढले की काळ्या चहासारखी लालसर व्हायची. मी अमरावतीला कामगार संघटनेच्या कामात असायचे, तर माय फोनवर सांगायची, "आज लागलं वं!" दुधाचं लागावं तसं. तिच्या आवाजात घरघर नसायची.

मग कडाक्याची थंडी पडली. साहेब पुण्याला गेला होता. मायनं आणि भाभीनं काय केलं? विरजण सांभाळणारी कुठलीही बाई जे करेल ते. ब्लोअर गार हवा सोडत होता, तो बंद केला. लागायला ठेवलेलं कुणी हलवत नाही, तर हे बुडबुडे तरी कशाला? टाक्यांवर झाकणं घट्ट लावली, वर बारदाना, वर ताडपत्री. मायनं घरची गोधडीसुद्धा नेली.

साहेब आला, झाकण उघडलं. पाणी हिरवंच. रोज बघितलं तरी हिरवंच. त्या जिवाणूंना तुमच्यामाझ्यासारखी हवा लागते. ते कोंडून मेले होते.

साहेबानं बोलावलं तेव्हा मी मायसोबत गेले.

"बाई, ब्लोअर कोणाला विचारून बंद केलात?"

"इरजन हालवत नसते, साहेब."

"अहो, ते उदाहरण होतं!"

"मंग उदाहरनात दही काहून आनलं? आमाले दहीच येते."

मी म्हटलं, "हवा लागते, हे एक वाक्य सांगायला तुमचं काय जात होतं?"

"तुम्ही कोण?"

"मुलगी."

"हं. या लोकांना कितीही समजावा, शेवटी असंच होतं."

या लोकांना! मी उठले, तर मायनं माझ्या ओढणीचं टोक धरून खाली बसवलं. तिला अजून वाटत होतं की काम राहील.

नाही राहिलं. कामगारांच्या अज्ञानामुळे नुकसान, असं वरती कळवलं गेलं आणि दोघींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. नवे जिवाणू कॅन भरून बाहेरून आले. भाभी आपला राहिलेला डबा आणायला नंतर आत गेली होती. तिनं पाहिलं, प्रत्येक टाकीवर लाल रंगात लिहून ठेवलं होतं: हवा बंद करू नये. टाकीवर लिहायला जागा होती, रंग होता. आधी मात्र सांगायला तोंड नव्हतं.

मी पत्रक लिहिलं, जठारपेठेत छापून आणलं. मायनं वाचायला लावलं आणि शेवटापर्यंत ऐकलं. "बराबर हाय. पन वाटू नको. अकोटचा मुकादम बी वाचते."

"तू परत जिनिंगात जाणार?"

"मंग काय, दही इकू?"

तो गठ्ठा तिच्याच खाटेखाली आहे.

सकाळी तिला अकोटच्या एसटीवर सोडायला गेले. पदर नाकावर बांधण्याचा सराव ती आधीच करत होती. गाडी लागली, बाया चढू लागल्या. ती मध्येच थांबली.

"ते दम कोंडूनच मेले ना वं?"

"हो."

"लय हाल झाले असन मंग त्याईचे," ती म्हणाली. पायरीवर तिला खोकला आला. मागच्या बाईनं तिच्या पाठीला हात लावून तिला आत घेतलं.