काढून टाकलेलं रडणं

आमच्या पालघरच्या कॉलेजात एक सर आहेत; ते सिनेमा शिकवतात आणि सुट्टीत स्वतःच्या हिमतीवर माहितीपट काढतात. मी तिथेच ग्रंथालयात असतो, त्यामुळे रोज गाठ पडते. काहीही विचारलं की आधी चष्मा पुसतात, मग "बघू या" म्हणतात. वर्गात गेल्यावर पहिली पाच मिनिटं स्वतः गप्प राहून मुलांना नुसतं ऐकायला लावतात.

जवळच्याच दांडी गावच्या कोळणींवर दोन वर्षं खपून त्यांनी एक माहितीपट केला. बाहेर कुठेही पाठवण्याआधी तो गावातच पडदा लावून दाखवला. मीही गेलो होतो. समुद्रात नवरा गमावलेली एक बाई त्यात शेवटी बोलता बोलता रडते. ते दृश्य संपताच प्रेक्षकांतून तीच बाई उठून त्यांच्यापाशी आली.

"सर, घरात मी कोणाफुडं रडली नाय. एवढं काडून टाका."

ते लगेच म्हणाले, "काढतो, ताई."

परतताना मला राहवलं नाही. "सर, सिनेमाचा जीव तिथेच आहे. आणि तिनं संमतीची सही दिलीय की!"

"सही त्या दिवशीची आहे. आज ती नाही म्हणतेय."

पुढे एका महोत्सवानं तो बदललेला माहितीपट नाकारला. शेवट कोरडा वाटतो, असं परीक्षकांनी कळवलं. मी हळहळलो. ते मात्र तीच प्रत दाखवायला पुन्हा दांडीला गेले, मलाही घेऊन. रडण्याच्या जागी आता फक्त तिचे हात होते, बांबूवर बोंबील वाळत घालणारे. पहिल्या रांगेत बसलेल्या तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"बग, माजेच हात हाय ते."