जावयाचं घड्याळ

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी आयुष्यात फारसं काही लपवलेलं नाही. मुलीला सांगायचा प्रश्नच नाही, तिला ठाऊक आहे. तिला ठाऊक आहे, हेच तर अवघड आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखत असता तर सांगितलं असतं का? बहुतेक नाही.

मी पोलादपूरचा. महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर होतो. आलेला माल चलनाशी ताडून बघायचा, खराब निघाला तर परत पाठवायचा, हे माझं काम. एकदा एका पुरवठादारानं जुने व्हॉल्व्ह रंगवून नवे म्हणून पाठवले होते. ते मी गेटवरूनच परत केले होते. हे का सांगतोय? — जुनं कुठलं, नवं कुठलं हे मला कळत नव्हतं, असं तुम्हाला वाटू नये म्हणून.

प्रज्ञा माझी एकुलती एक. नर्सिंग करून महाडातल्या एका खाजगी दवाखान्यात लागली, आणि सहा वर्षांपूर्वी तिचं लग्नही महाडातच ठरलं. मुलगा सुमेध, पतपेढीत कारकून. त्याचे वडील निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. पहिल्याच बैठकीत गुरुजींनी हात जोडले. "भाऊ, हुंडा नको, मानपान नको. मुलगी द्या, बास."

मग गप्प बसायला काय हरकत होती? पण माझ्या साडूनं त्याच्या जावयाला मोटरसायकल दिली होती, आणि चार वर्षं मी तिचं कौतुक ऐकत होतो. मला वाटलं, आपणही असं काही द्यावं की लोकांनी नाव काढावं. कुणी मागितलं नव्हतं. एका अक्षरानंही नाही.

मुंबईत जुनी महागडी घड्याळं विकणारं एक दुकान आहे, तिथं मी एकटाच गेलो. परदेशी बनावटीचं घड्याळ, नवं घ्यायचं तर माझी ऐपत नव्हती. दुकानदारानं मला काडीइतकंही फसवलं नाही. उलट दोनदा समजावलं. "काका, कंपनीची वॉरंटी संपलीय. माझी सहा महिने, ती पण फक्त आतल्या मशीनची. पाणी गेलं तर मी जबाबदार नाही. आणि दुरुस्ती काढलीत तर महाग पडेल हां." मी मान डोलावली. डबीत कंपनीचं कार्ड होतं, त्यावर आधीच्या मालकाचं नाव. परतीच्या बसमध्ये मी ते कार्ड आणि दुकानाचं बिल, दोन्ही फाडली आणि खिडकीतून सोडून दिली.

साखरपुड्यात बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या, आणि मी माईक मागून घेतला. जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि म्हणालो, "नवं कोरं हाय! दोन वर्षांची वॉरंटी! कार्ड माझ्याकडं जपून ठेवलंय." टाळ्या पडल्या. साडू समोरच बसला होता. खरं सांगू? — फार बरं वाटलं मला.

पुढच्या पावसाळ्यात घड्याळाच्या काचेच्या आत वाफ धरली. मग ते मागं पडायला लागलं, मग बंद. सुमेधनं फोन करून कार्ड मागितलं. मी म्हणालो, शोधतो. पुन्हा मागितलं. म्हणालो, कपाट आवरायला काढलंय. शेवटी तो प्रशिक्षणाला पुण्याला गेला, तेव्हा कार्डाशिवायच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. त्यांनी मागचा नंबर बघितला आणि सगळं सांगितलं. घड्याळ कितीतरी वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणाला विकलेलं. मध्ये बाहेर कुठंतरी उघडलेलं, आत एक भाग नकली, पाणी अडवणारं रबर नीट बसवलेलं नाही. वॉरंटीचा विषयच नाही. दुरुस्तीचा अंदाज त्यांनी कागदावर लिहून दिला — सुमेधचा दीड महिन्याचा पगार जाईल एवढा.

हे मला कळलं ते त्यांच्या घरी, रविवारी दुपारी. मी सहज भेटायला म्हणून गेलो होतो. गुरुजींनी तो कागद माझ्यापुढं ठेवला. रागानं नाही. उलट फार सांभाळून बोलले. "भाऊ, तुम्हाला कुणा दुकानदारानं फसवलेलं दिसतंय. बिल असेल तर काढा, आपण दोघं जाऊ त्या दुकानात. सोडायचं नाही त्याला."

बघा — त्यांनी मला वाट करून दिली होती. फसलो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग बिल कुठलं आणणार? आणि त्या दुकानात गुरुजींना घेऊन गेलो असतो तर तो माणूस म्हणाला असता, काका, मी तर तुम्हाला सगळं सांगितलं होतं. हे एवढं सगळं माझ्या डोक्यात त्या एका क्षणात आलं. भीतीनं माणसाचं डोकं किती भरभर चालतं!

आणि मी म्हणालो, "घड्याळ प्रज्ञानंच मागवलं होतं, ऑनलाइन. मला यातलं काय कळतंय? मी फक्त पैसे दिले."

प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ते घड्याळ साखरपुड्याआधी बघितलंही नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मी कागदावरची नजर वर केली नाही, पण ती बघतेय हे कळत होतं.

विहीणबाई म्हणाल्या, "काय गो प्रज्ञा? बिल तरी ठेवायचंस."

"हो आई," ती म्हणाली. "माझंच चुकलं. मी नीट बघितलं नाय."

"जाऊ दे ना," सुमेध म्हणाला. तिनं ट्रे खाली ठेवला आणि पहिला कप मला दिला.

संध्याकाळी तिनं मला स्कूटीवरून स्टँडवर सोडलं. आता विचारेल, असं मला वाटत होतं. विचारावं, असंही वाटत होतं. पोलादपूरची गाडी लागली. मी चढल्यावर प्रज्ञा खिडकीपाशी आली. "बाबा, फाट्यावर नका उतरू, पाऊस हाय. स्टँडपर्यंत जा." एवढंच.

घड्याळ तिनं दुरुस्त करून आणलं. नर्सिंगच्या पुढच्या कोर्ससाठी तिनं पैसे बाजूला काढले होते, ते त्यात गेले. त्या वर्षी फॉर्म भरायचा राहिला. मग मुलगी झाली आणि तो विषयच मागं पडला. माझ्याकडं पैसे नव्हते का? होते. फंडाचे पडून होते. पण मी द्यायला पुढं झालो असतो तर का देतोय हे कुणीतरी विचारलं असतं. म्हणून दिले नाहीत. खोटं बोलायला मला एक क्षण लागला होता, पण पैसे न देणं मी महिनाभर विचार करून केलं.

गेल्या महिन्यात सुमेधच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलीकडची माणसं जेवायला येणार होती, म्हणून गुरुजींनी मलाही बोलावलं. पंगत बसली, खरेदीच्या गोष्टी निघाल्या, आणि विहीणबाई हसत हसत पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्या मोठीला तेवढं खरेदीला पाठवू नका हां. बापाचे पैसे घेतलंन आणि जुनं घड्याळ नवं म्हणून आणलंन!" मनानं वाईट नाही ती बाई. इतक्या वर्षांत ही घरातली गंमतच होऊन बसलीय, एवढंच.

सगळे हसले. प्रज्ञाही हसली, वाढता वाढता. तिची चार वर्षांची मुलगी माझ्या शेजारी जेवत होती. तिनं मान वर करून विचारलं, "आई, तुला कोणी फसवलं?"

"दुकानदारानं गो," प्रज्ञा म्हणाली.

तेव्हा बोलता आलं असतं. दहा माणसं होती, सगळी आपलीच. एक वाक्य पुरलं असतं.

मीही हसलो. बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्यानंच. मग प्रज्ञा भाताचं पातेलं घेऊन माझ्यापाशी आली, न विचारता दोन डाव भात वाढला, त्यावर आमटी घातली. मी खाली मान घालून सगळं जेवलो.